घोडे कोठे पेंड खाते?



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून काही मंडळी हसली असतील. इतिहासाचे व्याख्यान म्हटले की शिवकाल, पेशवाई, फार तर सत्तावन्न सालचे स्वातंत्र्ययुद्ध अशी आपली सर्वांची समजूत. आणि आम्ही उभे आहोत ते मोटारींच्या शर्यतीचा इतिहास सांगायला! परंतु हा विषय आम्ही हुडकून काढलेला नाही. तो आम्हांला याच गावच्या एका विद्यार्थ्याने दिला. मागे एकदा येथे बोलून बसस्थानकाकडे निघालो असता त्याने वाटेत गाठले आणि विचारले, "सर, ट्रॅक्टरवाल्या महिंद्रांचा विजेच्या मोटारींच्या जागतिक शर्यतीत एक संघ आहे. गाडी इतकी वेगवान, चालवणारे इतके नामांकित, मग अजिंक्यपद एकदाही का नाही? घोडे पेंड खाते कोठे?" आम्ही घाईत होतो. "पैसा रे बाबा, दुसरे काय!" एवढे बोलून गाडीत चढलो.

ते उत्तर चुकीचे होते. पुढे या प्रकरणाचे कागद जसजसे पाहत गेलो तसतशी त्याची आम्हांला लाज वाटू लागली. आणि ते चारचौघांसमक्ष परत घ्यावे, एवढ्याचसाठी आज येथे उभे आहोत. तो विद्यार्थी सभेत असेल तर बरेच, नसेल तर आपण त्याला निरोप द्यावा.

वेगाची गोष्ट पारोळ्याला नवी नाही. १७२७ साली बांधलेला आपला भुईकोट ज्या घराण्याशी निगडित आहे, त्या नेवाळकरांच्या झाशीच्या सुनेने १८५८ च्या एप्रिलात शत्रूचा वेढा फोडून काल्पी गाठली. ती शंभरएक मैलांची दौड आजही अंगावर काटा आणते. पण मे महिन्यात काल्पी पडली. दौड राणीची होती आणि मोहीम अनेकांची होती. या प्रसंगाची शर्यतीशी तुलना करण्याचा मात्र आमचा मुळीच हेतू नाही. तेथे प्राण पणाला लागले होते, येथे फार तर करंडक. एका दौडीचा हिशेब वेगळा आणि मोहिमेचा वेगळा, एवढेच तेथून उचलून पुढे जाऊ.

महिंद्रांचे नाव या सभेत कोणाला ठाऊक नाही? आपल्या महामार्गावरून दिवसभर जाणाऱ्या गाड्यांत आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरांत त्यांचा वाटा किती, हे आपण आमच्यापेक्षा अधिक जाणता. १९४५ साली मुंबईत महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी ही पेढी काढली, तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड महंमद' असे होते. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे तेथले गव्हर्नर जनरलही झाले. आणि १९४८ पासून पेढी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. पोलाद, जीप, ट्रॅक्टर असा तिचा पुढला प्रवास आहे. यात शर्यतीचे नाव कोठेच नाही. नांगरटीला जुंपायच्या यंत्राला वेगापेक्षा नेट लागतो.

ही पेढी शर्यतीत उतरली ती २०११ साली, आणि तीही मोटारसायकलींच्या. जागतिक अजिंक्यपदाच्या १२५ सी.सी. वर्गात भाग घेणारी ती पहिली भारतीय उत्पादक. गाडी इटलीत घडविलेली, स्वार युरोपातले, नाव मुंबईचे. त्याच वर्षीच्या अखेरच्या, व्हॅलेन्सियाच्या शर्यतीत डॅनी वेब याने पात्रता-फेरीत सर्वांत कमी वेळ नोंदवून पहिली जागा पटकावली. पदार्पणाच्या वर्षीच! वेग होता तो असा, पहिल्या दिवसापासून. पुढच्या वर्षी नियम बदलले, १२५ चा वर्ग जाऊन मोटो-थ्री हा नवा वर्ग आला, आणि महिंद्राचा तो हंगाम अगदीच कोरडा गेला. तेव्हा इटलीचे कारागीर सोडून स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीकडे गाडी बांधायला दिली. २०१३ साली मलेशियात मिगेल ओलिवेइरा या पोर्तुगीज तरुणाने तिसरा क्रमांक मिळवून पहिल्यांदा विजयमंचावर पाऊल ठेवले. २०१५ साली ओलिवेइरा दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि त्याच वर्षी सहा शर्यती जिंकून अवघ्या सहा गुणांनी अजिंक्यपदास मुकला. हे नाव लक्षात ठेवा, कारण या इतिहासात असे पुन्हापुन्हा घडणार आहे.

त्याच्या जागी आलेल्यांत दोन पोरे होती. एक इटलीचा फ्रान्चेस्को बन्याया, दुसरा स्पेनचा होर्हे मार्तिन. २६ जून २०१६ रोजी हॉलंडमधील आसेन येथे बन्यायाने महिंद्राला जागतिक मालिकेतला पहिला विजय मिळवून दिला; ऑक्टोबरात मलेशियात दुसरा दिला. मार्तिननेही त्या वर्षी चेक प्रजासत्ताकात दुसरा क्रमांक काढला. हंगामाअखेर बन्याया चौथा. आता कोणालाही वाटेल की दिवस पालटले, येथून पुढे चढण. पण वर्ष संपताच दोघेही गेले, आणि २०१७ अखेर महिंद्राने मोटारसायकलींच्या या मालिकेतूनच अंग काढून घेतले.

पुढचे ऐका. बन्याया २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोन वेळा मोटारसायकलींच्या सर्वोच्च वर्गाचा जगज्जेता झाला. २०२४ चा जगज्जेता मार्तिन. २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षे अजिंक्यपदासाठी एकमेकांशी अखेरपर्यंत झुंजत होते ते हेच दोघे, जे २०१६ साली महिंद्राच्या एकाच दालनात आपापली शिरस्त्राणे टांगीत होते.

आता मोटारींकडे वळू. विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांच्याविषयीच होता.

विजेवर धावणाऱ्या एकआसनी मोटारींची 'फॉर्म्युला ई' नावाची मालिका १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये सुरू झाली, आणि महिंद्रा तिच्या संस्थापक संघांपैकी एक. पहिल्या हंगामात करुण चंढोक आणि ब्राझीलचा ब्रुनो सेना हे दोघे चालक होते. संघाचे ठाणे इंग्लंडातील बॅनबरी गावी आहे. ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी त्याचे मर्म सांगायला हवे, कारण उत्तर अर्धेअधिक त्यातच दडले आहे. या गाड्यांना ठरावीकच वीज मिळते. पहिल्या चार हंगामांत एका गाडीला शर्यतीत वापरता येई ती अवघी २८ युनिटे, म्हणजे मध्यम घराला काही दिवस पुरेल एवढीच. ती संपली की अर्ध्या शर्यतीत चालकाने उडी मारून दुसऱ्या, भरलेल्या गाडीत बसायचे. पाचव्या हंगामापासून मोठी बॅटरी आली आणि ही उडी थांबली, पण विजेचा रेशनिंगचा प्रकार तसाच राहिला. सर्वकाळ पूर्ण वेगाने धावाल तर शेवटापर्यंत पोहोचणारच नाही. कोठे पाय उचलायचा, ब्रेक दाबताना किती वीज परत बॅटरीत भरायची, पुढच्याच्या आडोशाने किती फेऱ्या काढायच्या, हा सगळा जमाखर्च. वाण्याच्या दुकानात वाढलेल्या मुलाला हा खेळ चटकन कळेल असे आम्हांला वाटते.

शिवाय अजिंक्यपद एका शर्यतीवर नसते. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, असे उतरत उतरत दहाव्याला १. वर्षभरातल्या सगळ्या शर्यतींची बेरीज ज्याची मोठी तो विजेता. शंकरपटात एका दमात धाव मारणारी खोंडांची जोडी पाहायला गाव लोटते, पण मृगापासून दिवाळीपर्यंत शेत ओढायला बैल घेताना शेतकरी वेगळेच काही पाहतो. गुणांच्या बेरजेचा हा न्याय कधी कधी फार कठोर होतो. १९५८ साली पेट्रोलच्या मोटारींच्या जागतिक मालिकेत स्टर्लिंग मॉसने चार शर्यती जिंकल्या आणि माइक हॉथॉर्नने एकच. पण अजिंक्यपद हॉथॉर्नला गेले, ४२ विरुद्ध ४१ अशा एका गुणाने. त्यातही मौज अशी की पोर्तुगालच्या शर्यतीत हॉथॉर्न बाद ठरण्याची वेळ आली असता त्याच्या बाजूने साक्ष दिली ती खुद्द मॉसने. मॉस आयुष्यात कधीच जगज्जेता झाला नाही. त्या साक्षीमुळे तो आम्हांला पुष्कळ जगज्जेत्यांहून मोठा वाटतो. पण ते असो.

महिंद्राचा खरा बहर २०१७ ते २०१९ या काळातला. २०१६ साली स्वीडनचा फेलिक्स रोझेनक्विस्ट संघात आला. जोडीला निक हाइडफेल्ड हा अनुभवी जर्मन. १० जून २०१७ रोजी बर्लिनमध्ये रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय दिला. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी दुसरी शर्यत होती. तीही त्याने जिंकली, म्हणजे रेषा सर्वांत आधी ओलांडली. परंतु गाडी बदलून निघताना संघाच्या माणसांनी त्याला असुरक्षितपणे सोडले म्हणून दहा सेकंदांचा दंड झाला आणि विजय दुसऱ्याच्या पदरात पडला. त्या हंगामात संघ तिसरा आला. संघाची २०२५ च्या हंगामापर्यंतची ही सर्वोत्तम जागा.

पुढचा, म्हणजे २०१७-१८ चा, हंगाम आम्ही जरा तपशिलात सांगणार आहोत. डिसेंबरात हाँगकाँगला रोझेनक्विस्ट पहिल्याच वळणावर गरकन फिरला, मागे पडला, आणि झुंजत दुसरा आला; मग पहिल्या आलेल्या डॅनियल आब्टची गाडी कागदपत्रांतील विसंगतीपायी बाद झाली आणि विजय रोझेनक्विस्टला मिळाला. जानेवारीत मराकेशला तो पुन्हा जिंकला आणि गुणतक्त्यात सर्वांच्या वर जाऊन बसला. मार्चमध्ये मेक्सिकोत पहिल्या जागेवरून सुटून आघाडीवर असतानाच त्याची गाडी विजेच्या बिघाडाने थांबली. एप्रिलात रोममध्ये पुन्हा पहिल्या जागेवरून सुटला, पुन्हा आघाडीवर होता, आणि रस्त्याच्या कडेला आपटून गाडीचे निलंबन मोडले. हातातोंडाशी आलेले दोन घास असे गेले. हंगाम संपला तेव्हा तो सहावा होता.

हे ऐकून "दैव" असे उद्गार निघतात. आम्हीही ते काढले होते. पण इतिहासात दैवाचे नाव घेण्याआधी बेरीज करून पाहावी. रोझेनक्विस्टचे हंगामाअखेरचे गुण ९६. मेक्सिको आणि रोमचे दोन्ही विजय त्याच्या पदरात टाकले तर आणखी ५०, म्हणजे १४६. विजेता ज्याँ-एरिक व्हेर्न याचे गुण १९८. या दोन शर्यतींत रोझेनक्विस्ट टिकता तर व्हेर्न एकेक जागा खाली गेला असता, त्याचे चारएक गुण गेले असते. तरी अंतर पन्नासाच्या आसपास उरतेच. म्हणजे ते दोन अपघात मुळीच न होते तरी अजिंक्यपद मिळत नव्हते. मग गेले काय? पहिल्या चार शर्यतींत रोझेनक्विस्टने ६६ गुण मिळविले होते, आणि उरलेल्या आठ शर्यतींत मिळून अवघे ३०. व्हेर्नने बाराच्या बारा शर्यतींत काही ना काही गुण घेतले. एकीत तर तो दहावा येऊन एकच गुण घेऊन गेला. पण घेतला!

याच हंगामात आणखी एक माणूस होता, लुकास दि ग्रासी, ऑडीचा चालक आणि आदल्या हंगामाचा विजेता. पहिल्या चार शर्यतींत त्याचे गुण शून्य. गाडीच रोज दगा देई. ऑडीच्या लोकांनी दोषी भाग शोधला, बदलला, त्यापायी नियमाप्रमाणे दंड होऊन मागच्या जागेवरून सुटावे लागले तेही सोसले. शेवटच्या सात शर्यतींत हा गृहस्थ एकदाही दुसऱ्या क्रमांकाच्या खाली आला नाही. अखेरचे गुण १४४. महिंद्राच्या दोन्ही चालकांचे मिळून गुण होते १३८.

दैवाबद्दल आणखी एक सांगून तो मुद्दा सोडतो. महिंद्राच्या २०२५ च्या हंगामापर्यंतच्या पाच विजयांपैकी हाँगकाँगचा विजय दुसऱ्याच्या कागदाच्या चुकीने मिळाला, आणि २०१९ चा मराकेशचा विजय आघाडीवरच्या दोन बी.एम.डब्ल्यू. गाड्या, एकाच संघाच्या, एकमेकींवर आदळल्यामुळे. तेव्हा दैवाने हात आखडता घेतला असे म्हणण्यास फारशी जागा नाही.

आता पैसा, म्हणजे आमचेच उत्तर. व्हेर्न ज्या टेचीता संघाकडून विजेता झाला, त्या संघाने २०१७-१८ साली स्वतःचे विजेचे यंत्रसुद्धा बनविले नव्हते. रेनोचे तयार यंत्र विकत घेऊन तो धावत होता. तरी संघांच्या अजिंक्यपदात तो ऑडीच्या मागे राहिला तो फक्त दोन गुणांनी, २६४ विरुद्ध २६२. ज्याच्याकडे स्वतःचे यंत्र नाही तो रेनो आणि महिंद्रा दोघांनाही मागे टाकतो, तेव्हा थैलीचे गणित पुरे पडत नाही. मोठी थैली जवळ असून उपास घडल्याचेही दाखले आहेत. इटलीच्या फेरारीहून श्रीमंत, नामांकित आणि वेगवान घराणे शर्यतीच्या जगात शोधून सापडणार नाही. पण २००७ नंतर तिच्या चालकाला आणि २००८ नंतर तिच्या संघाला २०२५ अखेरपर्यंत जागतिक अजिंक्यपद मिळालेले नाही.

मग माणसे उणी पडली काय? येथे आम्हांला खरोखर थांबून विचार करावा लागला. २०१८-१९ च्या हंगामासाठी रोझेनक्विस्टच्या जागी पास्काल वेर्लाइन हा जर्मन तरुण आला आणि जोडीला बेल्जियमचा जेरोम डांब्रोझिओ. मराकेश डांब्रोझिओने जिंकले आणि पुन्हा एकदा हंगामाच्या आरंभी महिंद्राचा माणूस तक्त्याच्या माथ्यावर दिसला. १६ फेब्रुवारी २०१९ ला मेक्सिकोत वेर्लाइन पहिल्या जागेवरून सुटला, सबंध शर्यत आघाडीवर राहिला आणि अंतिम रेषा काही हातांवर असताना बॅटरी कोरडी पडली. दि ग्रासी बाजूने निघून गेला. वरून एक वळण कापल्याचा पाच सेकंदांचा दंड झाला आणि वेर्लाइन सहावा ठरला. त्याच दिवशी निस्सानच्या दोन्ही गाड्यांची वीजही शेवटच्या फेरीत संपली. त्यांतली एक चालवीत होता ऑलिव्हर रोलंड नावाचा इंग्रज. याचेही नाव ध्यानात ठेवावे.

संघ त्या वर्षी सहावा. पुढच्या हंगामात महामारीने खेळ थांबला असता वेर्लाइन निघून गेला आणि पोर्शेला मिळाला. २०२१ साली लंडनमध्ये अॅलेक्स लिनने संघाचा पाचवा विजय मिळविला. लिनही त्या वर्षीच गेला. मग आला तो वर सांगितलेला रोलंड. तो २०२३ चा हंगाम अर्धा टाकून गेला आणि निस्सानकडे परतला.

२०२४ चा जगज्जेता पास्काल वेर्लाइन. २०२५ चा जगज्जेता ऑलिव्हर रोलंड.

बन्याया, मार्तिन, वेर्लाइन, रोलंड. चार जगज्जेते एका घरातून गेले आणि त्या घराच्या फडताळात अजिंक्यपदाचा एकही करंडक नाही. उलट बाजूही पाहा. दि ग्रासी २०२३ साली महिंद्रात आला, तो २०१७ चे विजेतेपद गाठीशी बांधून. त्याच्यामागून आलेला निक डे व्रीस हा मर्सिडिजकडून २०२१ चा जगज्जेता होऊन चुकलेला. म्हणजे विजेते येथे येतात ते करंडक मिळवून झाल्यावर, आणि येथून जातात ते करंडक मिळविण्याआधी! माणसे पारखण्यात हा संघ कमी पडला असे कोण म्हणेल?

या चौघांच्या पुढच्या वाटचालीची वर्षे आम्ही कागदावर एकाखाली एक मांडली तेव्हा एक गोष्ट दिसली. वेर्लाइनचा पोर्शेबरोबरचा पहिला हंगाम २०२१ चा. त्या वर्षी मेक्सिकोतच, प्वेब्ला येथे, त्याने रेषा पहिली ओलांडली आणि टायरांची नोंद नीट न केल्याबद्दल पोर्शेची गाडी बाद झाली. केवढी नामुष्की! २०२३ साली तो आघाडीवर होता आणि शेवटी चौथा आला. पोर्शेने त्याला सोडले नाही, त्यानेही पोर्शेला सोडले नाही, आणि २०२४ साली, एकत्र काढलेल्या चौथ्या हंगामात, अजिंक्यपद आले. बन्याया सर्वोच्च वर्गात डुकाटीच्या गाडीवर बसला २०१९ साली आणि जगज्जेता झाला २०२२ साली: चौथ्या हंगामात. ही डुकाटी म्हणजे वेगासाठीच प्रसिद्ध गाडी, पण २००७ नंतर पंधरा वर्षे तिला स्वारांचे अजिंक्यपद मिळाले नव्हते. मार्तिन डुकाटीच्याच प्रामाक संघाकडे आला २०२१ साली आणि जिंकला २०२४ साली: हाही चौथा हंगाम. रोलंड आधी तीन हंगाम निस्सानकडे होता. महिंद्राकडे येऊन परत गेला आणि परतल्यावर दुसऱ्याच हंगामात जिंकला. मेक्सिकोत ज्या घरात त्याची वीज संपली होती त्याच घरात.

आणि महिंद्रात? बन्याया दोन वर्षे, मार्तिन दोन वर्षे, वेर्लाइन दीड हंगाम, रोलंड दीड हंगाम. चौथे वर्ष कोणी पाहिलेच नाही.

चार या आकड्यात काही जादू आहे असे कृपा करून समजू नका. चौघांच्या उदाहरणावरून सिद्धान्त बांधण्याइतके आम्ही भोळे नाही. पण त्या वर्षांत घडते काय, हे समजण्यासारखे आहे. चालक गाडीशी बोलतो ती भाषा त्याच्या आणि यंत्रज्ञांच्या मध्ये तयार व्हावी लागते. अमुक वळणावर वीज परत घेताना मागचे चाक किंचित सरकते, हे तो सांगतो. तो ज्याला 'किंचित' म्हणतो ते म्हणजे नेमके किती, हे समोरच्याला तिसऱ्या वर्षी कळते. गेल्या वर्षी कोणती चूक झाली हे वहीत लिहिता येते, पण ती का झाली हे माणसांजवळ राहते. माणूस गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर दुसऱ्याच्या कारखान्यात जाते. आणि येथे केवळ चालकच बदलले असे नाही. पहिला हंगाम कार्लिन या इंग्रजी संघाच्या हाताने चालविला, पुढे स्पेनचा काम्पोस संघ आला, मग कारभार स्वतःकडे. विजेचे यंत्र आधी इटलीच्या मान्येती मारेल्लीच्या साहाय्याने, नंतर जर्मनीच्या झेड्‌एफच्या. मोटारसायकलींतही आधी इटलीचे कारागीर, मग स्विस, मग स्पॅनिश संघाच्या हाती गाड्या. यातला प्रत्येक बदल त्या त्या वेळी शहाणपणाचाच असेल. पण प्रत्येक बदलाबरोबर वही पुन्हा पहिल्या पानावर आली. आपल्या खानदेशात केळी वर्षा-दीड वर्षात घड देते आणि लिंबाच्या बागेला चार-पाच वर्षे पाणी घालीत बसावे लागते. केळीच्या हिशेबाने लिंबाची बाग लावली तर ती बहराच्या आधीच उपटली जाते.

आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट आहे, ती लपविणे बरे नव्हे. संघाचे प्रमुख दिलबाग गिल हे २०१४ पासून २०२२ पर्यंत कायम होते. म्हणजे शिरोभागी स्थैर्य होते. तेव्हा एका माणसाच्या टिकण्याने काम भागत नाही. खालची सगळी उतरंड टिकावी लागते, असे आम्हांला वाटते. २०१४ ते २०२३ या काळात दोन पूर्ण हंगाम एकत्र धावलेली चालकांची जोडी एकच, हाइडफेल्ड आणि रोझेनक्विस्ट. आणि संघाचे सर्वांत चांगले दिवस तेच.

२०२३ हे वर्ष तळाचे. ११ फेब्रुवारीला हैदराबादच्या रस्त्यांवर ही मालिका भारतात प्रथम आली. घरच्या मैदानावर आपला संघ! विजय मात्र व्हेर्नच्या वाट्याला गेला, आता दुसऱ्या संघाकडून. त्यानंतर दोनच आठवड्यांनी केपटाउनला मागच्या निलंबनात धोका असल्याचे आढळले आणि महिंद्राने आपल्या दोन्ही गाड्या शर्यतीतून मागे घेतल्या. त्यांचेच यंत्र घेणाऱ्या आब्ट संघालाही थांबावे लागले. साऱ्या जगासमोर धावण्याआधीच माघार. वर्तमानपत्रांत काय काय छापून येईल हे ठाऊक असताना घेतलेला हा निर्णय आम्हांला संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठ्या मनाचा वाटतो. त्यांच्या पाच विजयांपैकी एखाद्याची आम्हांला विस्मृती होईल, केपटाउनची व्हायची नाही.

नवे प्रमुख फ्रेदेरिक बर्ट्राँ तोवर आले होते. २०२४ च्या हंगामासाठी डे व्रीस आणि स्वित्झर्लंडचा एदोआर्दो मोर्तारा ही जोडी घेतली. ते पहिले वर्ष वाईटच गेले. त्या वेळी जुन्या वहिवाटीप्रमाणे एकाला तरी निरोप मिळायचा. पण जोडी तशीच ठेवली. २०२५ ला संघ चौथा आला. विजय एकही नाही, आणि तरीही चौथा. ज्या संघाने वेगाने जिंकून सहावी जागा घेतली होती, तो न जिंकता चौथा येतो, ही बातमी फारशी कोणी छापली नाही.

जाता जाता त्या विद्यार्थ्यासाठी एक राहिले. बर्लिनमध्ये टेंपलहोफ नावाचा जुना विमानतळ आहे. २००८ साली तो विमानांना बंद झाला, आणि त्याच्या काँक्रीटच्या पटांगणावर या गाड्या धावतात. महिंद्राचा पहिला विजय, १० जून २०१७ चा, तेथलाच. १३ जुलै २०२५ रोजी तेथे पुन्हा शर्यत होती. महिंद्राच्या दोन्ही गाड्या मैदानात होत्या. रोलंड त्या दिवशी चौथा आला, आणि तेवढ्या बारा गुणांनी त्याचे अजिंक्यपद पक्के झाले. अंगावर पोशाख निस्सानचा होता.